कर्सर जागेवर राहत नाही

३ ऑक्टोबर, शुक्रवार
दसरा संपला. हत्यारं पूजेतून उठली. आमच्या घरातली हत्यारं म्हणजे सुनंदाची विळी, माझी स्कूटर आणि हा लॅपटॉप. खंडेनवमीला सकाळी त्याच्यावर नवी सिस्टीम चढवायला लावली आणि तेवढ्यात बायको ताट घेऊन उभी. म्हटलं, अपग्रेड चालू आहे, बंद करता येणार नाही. "मग राहू द्या चालू. देवाला काय त्याचं." टचपॅडच्या चौकोनात ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक, वर अक्षता, झेंडूचं फूल, पडद्याला हार. पूजेत मांडलेल्या हत्याराला दसरा होईस्तोवर हात लावायचा नाही, हा तिच्या माहेरचा, चारठाण्याचा कायदा. लॅपटॉप देवासारखा बसून होता आणि आतल्या आत स्वतःला सुधारत होता. असे देव कमी.

आज पुसून उघडला. कर्सर पिसाळलाय. बोट डावीकडं नेलं की हा उजवीकडं, बोट उचललं तरी पळतोच. न विचारता फायली उघडतो, उघडलेल्या बंद करतो. माणूस असता तर दोन कानाखाली ठेवल्या असत्या.

४ ऑक्टो., शनि.
सकाळपासून हाणामारी. टचपॅडची सेन्सिटिव्हिटी कमी केली. टॅप केल्यावर क्लिक होणं बंद केलं. तीन बोटांचे, चार बोटांचे सगळे चाळे बंद केले. ड्रायव्हर काढला, परत टाकला. जुना ड्रायव्हर परत आणायचं बटण आहे, पण ते राखाडी, दाबलं जात नाही. सरकारी खात्यातल्या तक्रारपेटीसारखं, भिंतीवर आहे इतकंच.

जिंतूरच्या दुकानदाराला फोन. "सर, नवी सिस्टीम टाकली की असंच व्हायलंय सगळ्यांचं. मदरबोर्ड बघावा लागंल." याला पाय मुरगळला तरी हा मदरबोर्ड बघंल.

कॉलेजातून माऊस आणला. माऊस जोडला की टचपॅड बंद, अशी सेटिंगमध्ये एक खूण असते. ती केली. लॅपटॉप बंद करून चालू केला तर खूण आपोआप गेलेली. म्हणजे आता एकाच घरात दोन कारभारी.

५ ऑक्टो., रवि.
एक शोध. चार्जर लावला की कर्सर जास्त पिसाळतो, काढला की जरा शुद्धीवर येतो. वायरमन म्हणाला, तुमच्या घराला अर्थिंग न्हाई, मीठपाणी ओता खड्ड्यात. ओतलं. फरक शून्य. आता संशयित तीन: नवी सिस्टीम, अर्थिंग आणि मी. सुनंदाच्या मते पहिले दोन निर्दोष.

साप्ताहिकाच्या संपादकाचा फोन, मजकूर मंगळवारपर्यंत हवाय. तेवीस वर्षं सदर लिहितोय, एवढ्या वर्षांत मानधन म्हणून एक शाल मिळाली. ती सुनंदानं इस्त्रीच्या टेबलावर अंथरलीय. विषय मात्र तयार आहे. आमच्या गावचा रस्ता.

गाव ताडकळसच्या पलीकडं. माझा धाकटा भाऊ ज्ञानोबा तिथं शेती करतो. त्याच्या रानाला लागून आमच्या चुलतभावाचं, बळीरामचं रान. बळीराम गुत्तेदार, सरकारी कामांची कंत्राटं घेतो. गावचा सिमेंट रस्ता त्याचाच. त्या रस्त्यावरून चालताना मी पुण्यकर्म समजून हळू चालायचो, कारण पायाखाली काहीतरी मरत असल्यासारखं वाटायचं.

६ ऑक्टो.
मजकूर जमला. मृत्युलेख केला रस्त्याचा. इथं उतरवून ठेवतो:

"दुःखद निधन. आमच्या गावचा सिमेंट रस्ता, वय एक पावसाळा, अल्पशा सरींनी वारला. त्याच्यामागे दोन टिप्पर, एक जेसीबी व एक गुत्तेदार असा परिवार आहे. तेरवीचं जेवण मागच्याच बिलात उरकलेलं असल्यानं वेगळं निमंत्रण नाही."

इथपर्यंत ठीक. पुढं हात थांबला नाही:

"जाता जाता त्यानं एकच काम चोख केलं. गुत्तेदाराच्या बापाला दवाखान्यात नेणारी जीप धरून ठेवली, म्हातारा थंड होईस्तोवर."

श्रीपतआबा. बळीरामचे वडील, माझे चुलते. श्रावणात छातीत कळ आली, जीप निघाली, रस्त्याच्या फुटलेल्या सिमेंटात चाक बसलं. ढकलणाऱ्यांत ज्ञाना होता. सगळ्या भावकीला ठाऊक आहे. तेरवीला पंगतीत कुणी अवाक्षर काढलं नाही, बुंदी वाढून घेतली.

ही ओळ छापायची नाही. उद्या काढतो. लिहून बघितली, एवढंच. लिहिताना दात आवळलेले होते हे नंतर जबडा दुखला तेव्हा कळलं.

७ ऑक्टो., मंगळ.
गेलं.

माझी सवय अशी, की मजकूर आधी मोबाईलवर स्वतःच्याच नंबराला पाठवायचा आणि तिथं वाचून चुका काढायच्या. चॅट लॅपटॉपवर उघडं होतं. संध्याकाळी बळीरामचा वाढदिवसाचा फोटो कुणीतरी भावकीच्या ग्रुपवर टाकला (मोराच्या खुर्चीत, गॉगल घालून, पुढ्यात केक), त्यामुळं ग्रुप यादीत वर सरकला, माझ्या नंबराच्या अगदी शेजारी. मजकूर उचलला. कर्सर माझ्या नावावर नेला. तो थरथरला. एंटर दाबलं.

ग्रुपवर. आबांच्या ओळीसकट. केकच्या फोटोखाली.

परत घ्यायला धावलो. मेसेजवर कर्सर नेतोय, तो पळतोय. नेतोय, पळतोय. अखेर मेनू उघडला, 'सर्वांसाठी काढा' वर नेला, दाबला त्या क्षणाला कर्सर खाली घसरला. 'फक्त माझ्यासाठी काढा'. माझ्याकडून गेला. भावकीतल्या बाकी सगळ्यांकडं आहे. आता मला तो दिसतही नाही, काढताही येत नाही.

सुनंदा शेवया ढवळत होती. सांगितलं. गॅस बंद करून म्हणाली, "आधी ज्ञानाभावजींना फोन लावा."

लावला. "दादा, वाचलंय मी," म्हणाला. मग, "लय खरं लिव्हलंस." आणि फोन ठेवला.

८ ऑक्टो.
ज्ञानाला मारलं.

सोयाबीनच्या खळ्यावर. मळणीयंत्र चालू होतं म्हणून मोटारसायकलचा आवाज आला नाही. बळीरामच्या टिप्परवरचे दोघं. "तुझा भाऊ लय लिव्हतो म्हनं. तू वाच." काठीनं. पाठ, मांड्या, हात. हातावर घेता घेता एक टोक डोळ्यात गेलं. डाव्या.

माझ्या लेखणीला धार आहे असं सत्कारात म्हणतात. काठीला धार नसते तरी.

परभणीला नेलंय. निघतोय.

९ ऑक्टो., परभणी
डोळ्यावर पट्टी. पाठ वांग्याच्या रंगाची. पोलीस जबाब घ्यायला आले तर ज्ञाना म्हणाला, मळणीयंत्रातून काडी उडाली. मी तोंड उघडलं, त्यानं चांगल्या हातानं माझा दंड असा आवळला की बोटं उमटली. पोलीस गेल्यावर: "तू जिंतूरला ऱ्हातो, दादा. माझं रान त्याच्या रानाला लागून हाय."

लॅपटॉप पिशवीत सोबत आणलाय. का आणला माहीत नाही. दवाखान्याच्या जिन्यात उघडला. कर्सर पिसाळलेलाच. त्याचा गळा असता तर दाबला असता.

११ ऑक्टो., शनि.
डॉक्टर: डाव्यानं दिसणार नाही. उजव्याला जपा.

 ज्ञानानं उजवा डोळा झाकून बघितला. मग उघडला.

दुपारी बळीराम आला. हातात शहाळं, स्ट्रॉ घालून. पांढरा शर्ट, वडील गेल्यापासूनची दाढी अजून तशीच. स्टूल ओढून बसला. ज्ञानाच्या तोंडाजवळ स्ट्रॉ नेली. ज्ञानानं मान फिरवली.

"मास्तर, देवाशपथ सांगतो, मी पाठिवलं नव्हतं पोरांना. गरम डोक्याची हायत. वाचलं, पेटली, गेली."

म्हणजे याचीही पोरं आपोआप क्लिक होतात.

तेच मी म्हणालो. मोठ्यानं. वॉर्डात. माझा आणि त्याचा दावा एकच आहे हे माझ्याच तोंडून बाहेर पडल्यावर मला ऐकू आलं. त्यालाही आलं. तो हसला. पुढचं नीट आठवत नाही. शहाळं फरशीवर फुटलेलं, माझ्या दोन्ही हातांची बोटं त्याच्या कॉलरच्या आत, नखाखाली त्याचं कातडं, आणि दोन वॉर्डबॉय मला मागं ओढायलेत. बळीराम गळा चोळत म्हणाला,

"आन ह्यो हात कुणी पाठिवला, मास्तर?"

 

१२ ऑक्टो.
जिंतूरला आलो. ज्ञानाला दोन दिवसांनी सोडतील, इकडंच आणायचं. गावाकडून निरोप: अर्ध्या सोयाबीनची गंजी तशीच उभी आहे आणि तेच दोघं रोज तिच्याभोवती मोटारसायकलवर चकरा मारायलेत. एकाच्या तोंडात न पेटवलेली बिडी असते म्हणे. न पेटवलेली. हे लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं, मागच्या पानावर भोक आहे.

१३ ऑक्टो., सोम.
किसनकाकांचा फोन. भावकीत सगळ्यांत वडील, गावात अजून ज्यांच्यापुढं बळीराम चप्पल काढतो असे तेवढेच.

"बाबा, दिवाळीच्या आत मिटवू. शनवारी मारुतीच्या देवळात या. तुमी मारुतीच्या पायाला हात लावून सांगायचं, मी न्हाई पाठिवलं, यंत्रानं पाठिवलं. बळीरामनं सांगायचं, मी न्हाई पाठिवली पोरं. पोरं ज्ञानोबाच्या पाया पडतील. इषय संपला. ज्ञानोबाला रानात जाता यील."

"आणि नाही मिटलं तर?"

"तर मला इचारू नका पुढं काय हुतंय ते. आन ते यंत्र घेऊन या. लोकांना दावा कसं पळतंय ते. नुस्तं तोंडानं कोन ऐकनार, तुमचं तोंड सगळ्यांना म्हाईत हाय."

व्हिडिओ पाठवतो म्हणालो. "व्हिडिओ कुणी बी बनिवतंय. डोळ्यादेखत दावा." डोळ्यादेखत हा शब्द त्यांनी वापरला आणि लगेच शनिवारची वेळ सांगायला लागले.

थोडक्यात, आठवडाभर ज्याला दुरुस्त करायला जीव टाकला, त्याला आता बिघडलेलाच ठेवायचं. साक्षीदार आहे तो.

१४ ऑक्टो.
ज्ञानाला आणलं. काळा चष्मा. जेवताना वाटी कुठं आहे ते चाचपतो, मग आमच्याकडं बघून हात मागं घेतो. डाव्या बाजूनं कुणी आलं की दचकतो. सुनंदा आता उजवीकडूनच वाढते.

दुपारी ती लॅपटॉपशी काय करायलीय म्हणून बघितलं तर टाचणी घेऊन टचपॅडच्या कडेची फट उकरायलीय. पिवळीलाल पोपडी निघत होती. हळदकुंकू. ओलं होतं तेव्हा फटीतून आत उतरलं आणि दोन दिवस पूजेत बसून आत वाळलं.

म्हणजे सिस्टीम नव्हे, अर्थिंग नव्हे. स्वस्तिक.

ओरडलो, "हात काढ. तो पुरावा आहे." तिनं टाचणी माझ्या दिशेनं फेकली. लागली नाही, लागावी म्हणूनच फेकली होती. "पूजेचं नाव काढलंत देवळात तर याद राखा. माझ्या हळदीनं त्यांचा डोळा गेला का?"

नाही. तिच्या हळदीनं कर्सर पळाला असेल. ती ओळ काही हळदीनं लिहिली नव्हती.

टाचणीनं कितपत साफ झालं कळत नाही. कर्सर अजून पळतोय. हुश्श. हुश्श कशाचं वाटावं माणसाला.

१५ ऑक्टो.
रंगीत तालीम. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर सुनंदा आणि ज्ञाना, म्हणजे भावकी. "बघा मंडळी, बोट इकडं, कर्सर तिकडं." पळाला. पुन्हा केलं. नाही पळाला. चार्जर लावला, पळाला. देवळातल्या प्लगला अर्थिंग असलं तर मेलो.

ज्ञानानं सगळं बघून घेतलं. मग एकच प्रश्न. "एंटर कुनी दाबलं?"

"मी."

"दाबताना वरचं नाव वाचलं हुतंस का?"

वाचलं असावं. वाचलं नसावं. आठ दिवस तो क्षण मागं नेऊन नेऊन बघतोय, झिजून गुळगुळीत झालाय. मोराच्या खुर्चीतला फोटो दिसला होता, हे नक्की. तो दिसल्यावर तोंडातून जी शिवी निघाली तीही नक्की. त्यानंतर बोट.

सांगितलं, "आठवत नाही."

"असं," म्हणाला, आणि हात धुवायला उठला. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला.

१६ ऑक्टो., गुरु.
बळीरामचा मेसेज. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. आबांचा फोटो, हार घातलेला. खाली: "शनिवारी यांच्यादेखत बोला."

उत्तर लिहायला बसलो. पहिला शब्द टाइप केला, कर्सर उडाला, शब्द पुसला. परत टाइप केला, परत उडाला. तिसऱ्यांदा मी मूठ वळली आणि हाणली. टचपॅडवर, सगळ्या अंगाचा जोर लावून. मग दुसरी. मग मोजलं नाही. सुनंदा धावत आली तेव्हा मी उभा राहून मारत होतो, आणि तोंडानं जे बोलत होतो ते बळीरामला होतं, त्या दोघांना होतं, तेरवीच्या पंगतीला होतं, आणि त्यात माझंही नाव होतं, असं ती म्हणते.

दोन बोटांची सालटं गेली. लॅपटॉपला कोपऱ्यातून तडा.

आणि कर्सर थांबला. बोट नेईल तिथं जातो, उचललं की उभा राहतो. चार्जर लावला, काढला, परत लावला. उभा. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोरासारखा.

आठवडाभर हजार उपाय केले, आणि जो उपाय पहिल्या दिवशी सुचला होता तोच लागू पडला. ज्या दिवशी नको होता त्या दिवशी.

किसनकाकांना फोन करून सांगितलं.  "मग नुस्ती शपथ," म्हणाले. "पर मारुतीच्या पायाला हात लावून खोटं बोलनाऱ्याचं आमी काय काय बघितलंय, ते ध्यानात ठिवा."

१७ ऑक्टो.
सुनंदाचं मत स्पष्ट. "यंत्रानं पाठवलं म्हणा आणि या. खरंच आहे ते. आणि नसलं तर पाप माझ्या माथी." पुढं म्हणाली, "तुम्हाला शब्दाची पडलीय. भावजींना रानात जायचंय."

संध्याकाळी अंगणात ज्ञानाजवळ बसलो. त्यानं चष्मा काढून ठेवला होता. पापणी शिवलेली, सुजलेली. तिकडं बघायचं टाळतो मी, हे त्याला कळतं, म्हणून तो मुद्दाम तेच तोंड माझ्याकडं करून बसतो.

"दादा, तू उद्या म्हननार का, यंत्रानं पाठिवलं?"

"काका तसं म्हणायलेत. तुला रानात जाता येईल."

"मला एक सांग. यंत्रानं चुकून पाठिवलं, त्या पोरांनी चुकून हानलं, बळीरामनं कायच केलं न्हाई. मग माझा डोळा कशापायी गेला?"

मी त्याचा चष्मा उचलून पुसायला लागलो.

"आबांची जीप मी ढकलत हुतो. माझ्या मांडीवर गेले ते. तेरवीला मी बी बुंदी खाल्ली. तू लिव्हलंस, वाचून मला वाटलं, चला, घरातला एक तरी बोलला. मार खाताना बी तेच वाटत हुतं. खोटं कशाला सांगू, हानत हुते तवा मी हसलो बी एकदा. आता तू देवापुढं म्हननार, चुकून झालं. म्हंजी मी फुकट आंधळा."

"आणि मी पाठवलं म्हटलं तर? गंजी पेटवतील. उजवा डोळाही..."

"त्यो माझा हाय. त्याचं मी बघतो."

मग परत: "आन तुला आठवत न्हाई म्हनतोस, ते खरं हाय ना?"

खरं आहे. शपथेवर सांगता येईल असं माझ्याकडं एवढं एकच वाक्य आहे, आणि ते तिथं कुणालाच नकोय.

१८ ऑक्टो., शनि.
मारुतीच्या पारावर बसून लिहितोय, छोटी डायरी खिशात आणली होती. एसटीनं ताडकळस, तिथून काकांच्या माणसाच्या मोटारसायकलवर. रस्त्यावरून येताना तीनदा उतरावं लागलं.

भावकी जमलीय. मांड्या घालून, तंबाखू मळत, डोळे जमिनीवर. ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी वाचलं ते सगळे, आणि एकानंही तेव्हा 'काढा हे' म्हटलं नव्हतं. मला आज सगळे 'या मास्तर' म्हणाले. ज्ञानाला कुणी काही म्हणालं नाही. त्याच्या डाव्या बाजूची जागा रिकामी आहे, तिथं बसायला कुणी धजत नाही.

दोघं पोरं देवळाच्या खांबाला टेकून. वीस-बावीसची असतील. एकाच्या कपाळाला ताजा शेंदूर, आधीच दर्शन उरकून घेतलंय. त्यांना बघून आठवडाभर मनात जे जे केलं होतं, डोकं आपटण्यापासून पुढचं, ते सगळं एका क्षणात परत करून झालं. डावा हात मांडीखाली, उजव्यात पेन घट्ट धरून बसलोय.

लॅपटॉप आणलाच आहे. एकानं उघडायला लावला. कर्सर सरळ चालला. "चांगला तर हाय की," तो म्हणाला, आणि कुणी हसलं नाही.

बळीरामची जीप आली. चपला काढून तो सरळ मूर्तीपुढं गेला, पायाला हात लावला, मोठ्यानं म्हणाला, "मी न्हाई पाठिवली पोरं." आवाज जराही हलला नाही. मग वळून माझ्यासाठी जागा सोडून उभा राहिला. गळ्यावर माझ्या नखांचे ओरखडे, वाळलेले.

काका म्हणायलेत, चला मास्तर.

ज्ञानानं चष्मा काढलाय. घरून निघताना त्यानं काठी घेतली, चालायला लागते म्हणाला. पाय धड आहेत त्याचे.